पक्षाघातानंतरचा ज्वर

१८६८ सालच्या ऑक्टोबर महिन्याची १९ तारीख. पॅरिस येथील विज्ञान अकादमीची त्या दिवशीं बैठक होती, आणि रेशमाच्या किड्यांवरील रोगासंबंधानें एका इटालियन संशोधकानें लिहिलेला निबंध त्या बैठकींत वाचून दाखविण्याचें काम लुई पाश्चर यांनीं पत्करलें होतें. सकाळपासून त्यांच्या डाव्या अंगाला मुंग्या येत होत्या. दुपारीं जेवणानंतर हुडहुडी भरली आणि कांहीं वेळ त्यांना पडून राहावें लागलें. पत्नीचें मन धजेना, पण त्यांनीं ऐकलें नाहीं. ती बिचारी अकादमीच्या दारापर्यंत सोबत गेली, आणि परत येतांना यांना एकटें सोडूं नका, असें एका स्नेह्यास विनवून मागें फिरली. पाश्चर यांनीं नेहमींच्या स्थिर आवाजांत निबंध वाचला, बैठक संपेपर्यंत ते थांबले, मित्रांसमवेत चालत घरीं आले, थोडेंसें जेवले आणि नऊ वाजतां अंथरुणावर पडले. पडतात न पडतात तोंच वाचा बंद झाली. कांहीं क्षणांनीं ती परत आली, परंतु डावें अंग लुळें पडूं लागलें होतें. वय अवघें ४५ वर्षांचें.

डॉक्टरांनीं त्या काळच्या पद्धतीप्रमाणें कानांमागें सोळा जळवा लावल्या. त्यांच्यासाठीं बांधावयास घेतलेल्या नव्या प्रयोगशाळेचें काम, हा माणूस आतां वांचत नाहीं असें धरून, थांबविण्यांतहि आलें. तें पुन्हां सुरू करण्याची आज्ञा पुढें खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियननें दिली. इकडे रोगी मात्र आठवड्याच्या आंतच अंथरुणावरून आपल्या शिष्याला रेशमी किड्यांच्या परीक्षणाची एक नवी रीत तोंडानें सांगून लिहवून घेत होता. डावा हात आंखडलेला आणि डावा पाय ओढत चालणारा हा मनुष्य त्यानंतर जवळजवळ २७ वर्षें जगला. जंतुशास्त्राचा जो भाग त्यांच्या नांवाबरोबर जगभर जोडला जातो, त्यांतील फार मोठें काम या झटक्यानंतरचें आहे.

पाश्चर वांचले ही गोष्ट जितकी वाटते तितकी साधी नाहीं. पक्षाघाताच्या रोग्यावर दोन संकटें येतात. पहिलें झटक्याचें, जें सर्वांना दिसतें. दुसरें त्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत येणारें. घरचीं माणसें, आतां धोका टळला, असें म्हणूं लागावींत आणि त्याच सायंकाळीं रोग्याच्या अंगांत ज्वर भरावा, श्वास घुरघुरूं लागावा, हा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. हा ज्वर बहुधा फुप्फुसांच्या दाहाचा, म्हणजे ज्याला सर्वत्र न्यूमोनिया म्हणतात त्याचा असतो. कधीं तो मूत्रमार्गांतील संसर्गाचा असतो. निरनिराळ्या देशांतील ८७ अभ्यास एकत्र करून २०११ सालीं जो हिशेब मांडला गेला, त्याप्रमाणें शंभर रोग्यांपैकीं सुमारें तिसांना पक्षाघातानंतर कोणता ना कोणता संसर्ग होतो, आणि दहांना न्यूमोनिया होतो. व्याधि मेंदूंत, आणि मरण मात्र फुप्फुसाच्या वाटेनें येतें. असें कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर वैद्यकाने तीनशें वर्षांत तीन वेळां बदललें, आणि तिसरें उत्तर अवघें वीस-बावीस वर्षांपूर्वीचें आहे.

प्राचीनांना रोग ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतें. चरकसंहितेंत वातव्याधींच्या अध्यायांत पक्षवध सांगितला आहे, सुश्रुतानें त्यासच पक्षाघात म्हटलें. अर्धांगवायू हा मराठींतला रूढ शब्दहि वाताचीच आठवण ठेवून आहे. (बोलण्यांत लकवा हा शब्द याच अर्थीं सर्रास येतो, जुने वैद्य मात्र तोंड वांकडें होण्याच्या विकाराला अर्दित म्हणून वेगळें काढीत, आणि तो भेद योग्यच होता.) ग्रीक लोकांनीं या रोगास जें नांव दिलें त्याचा अर्थ, कोणीतरी तडाखा देऊन खालीं पाडणें. इंग्रजींतला स्ट्रोक हा शब्द त्याच तडाख्याचा वारस होय.

तडाखा कोठें बसतो हें पाहण्यासाठीं प्रथम कवटी उघडावी लागली. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गांवचा वैद्य योहान याकोब वेप्फर यानें १६५८ मध्यें झटक्यानें मेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनांची हकीकत प्रसिद्ध केली आणि मेंदूंत रक्त सांडलेलें असतें हें दाखवून दिलें. पुढें शतकभरानें, १७६१ मध्यें, पादुआ येथील वृद्ध आचार्य मोर्गाग्नी यानें आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदूच्या ज्या बाजूस इजा, तिच्या उलट बाजूचें अंग लुळें, ही गोष्ट त्यांतील अनेक शवांच्या वर्णनांनीं पक्की झाली. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या फिर्शो यानें रक्ताची गांठ एका ठिकाणीं धरून दुसऱ्या ठिकाणीं कशी अडकते हें उलगडलें. मेंदूचें प्रकरण अशा रीतीनें हळूहळू स्वच्छ होत गेलें. फुप्फुसाचें प्रकरण मात्र तसेंच राहिलें.

त्याबद्दलचें पहिलें उत्तर साधें होतें. रोगी उताणा पडून राहतो, त्याला कूस बदलतां येत नाहीं, खोकून कफ काढतां येत नाहीं. तेव्हां फुप्फुसाच्या खालच्या भागांत रक्त आणि द्रव सांचून राहतो व तेथें दाह होतो. हें उत्तर अगदींच चुकीचें नव्हतें, आणि दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलण्याची शुश्रूषेंतील जी शिस्त आहे तिला त्याचाच आधार आहे. तथापि मांडीचें हाड मोडून महिनोन्महिने पडून राहिलेल्या तरुणाला जो ज्वर येत नाहीं, तो पक्षाघाताच्या रोग्याला तिसऱ्याच दिवशीं कां गांठतो, हें त्यावरून कळत नव्हतें.

याच सुमारास एका विलक्षण माणसानें एक विलक्षण प्रयोग केला. मॉरिशस बेटांत १८१७ सालीं जन्मलेला ब्राऊन-सेकार हा शरीरशास्त्रज्ञ आयुष्यभर इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिका यांच्यामध्यें भटकत राहिला. जनावरांच्या मेंदूच्या तळाशीं इजा केली असतां त्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो, तीं पाण्यानें फुगतात, असें त्यानें १८७१ सालीं जाहीर केलें. मेंदू आणि फुप्फुस यांच्यामध्यें मज्जातंतूंच्या वाटेनें कांहीं निरोप जातो, असा याचा उघड अर्थ होता. परंतु जंतूंचा सिद्धांत तेव्हां अजून पाळण्यांत होता, त्यामुळें हा निरोप आणि रोग्याचा ज्वर यांची गांठ घालणें त्यालाहि शक्य नव्हतें. शिवाय म्हातारपणीं, बहात्तराव्या वर्षीं, जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोंचून घेऊन तारुण्य परत आल्याची ग्वाही या गृहस्थानें दिली, आणि त्याच्या नांवाभोंवतीं जो हंशा पिकला तो त्याच्या चांगल्या कामालाहि बाधला असल्यास नवल नाहीं.

जंतु सांपडला तो पाश्चर यांनाच, आणि तोहि भलत्याच शोधांत असतांना. १८८० सालच्या डिसेंबरांत पॅरिसच्या एका रुग्णालयांत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषानें एक मूल दगावलें. पाश्चर यांनीं त्या मुलाच्या तोंडांतली लाळ सशांना टोंचली. ससे मेले आणि त्यांच्या रक्तांत जोडीजोडीनें राहणारा एक सूक्ष्म जंतु दिसला. हा अलर्करोगाचा जंतु असावा, असा मोह कोणालाहि झाला असता. पण पाश्चर यांनीं निरोगी माणसांची लाळ तपासली, तर तोच जंतु तेथेंहि! अमेरिकन लष्करांतील डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यानें तर स्वतःच्याच लाळेंतून तो त्याच सुमारास काढला होता. पुढें पांच-सहा वर्षांत जर्मन व ऑस्ट्रियन संशोधकांनीं सिद्ध केलें कीं, न्यूमोनियाच्या बहुतेक रोग्यांच्या फुप्फुसांत सांपडणारा जंतु तो हाच. म्हणजे फुप्फुसाचा हा वैरी बाहेरून चाल करून येत नाहीं. तो अनेक निरोगी माणसांच्या घशांत बिनभाड्याचा राहत असतो. मग एरवीं तो गप्प कां बसतो?

याचें उत्तर रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यानें तयार ठेवलें होतें. १८८२ सालच्या अखेरीस सिसिलींत मेसिना येथें समुद्रतारकेच्या पारदर्शक पिलांत त्यानें कांटे खुपसले, आणि फिरत्या पेशी त्या कांट्यांभोंवतीं धांवून आलेल्या सूक्ष्मदर्शकांतून पाहिल्या. शरीरांत परक्यास खाऊन टाकणारें सैन्य आहे, ही कल्पना येथून निघाली. १८८८ मध्यें मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आला. त्याचाच ओडेसा येथील शिष्य वाल्देमार हाफकिन पुढें तेथूनच मुंबईस आला आणि १८९७ च्या जानेवारींत भायखळ्यास प्लेगची लस त्यानें प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळच्या संस्थेवर आज नांव आहे तें त्याचें. असो. सैन्य आहे हें समजलें, पण त्या सैन्याचा आणि मेंदूचा कांहीं संबंध असेल, असें या मंडळींपैकीं कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. मेंदू आपल्या ठायीं विचार करतो, रक्त आपल्या ठायीं लढतें, अशी वांटणी विज्ञानानें करून टाकली, आणि ती पुढें पाऊणशें वर्षें मोडली नाहीं.

त्या अवधींत रोगी मरतच होते. मोठमोठ्यांनाहि यांतून सुटका नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना १९१९ सालच्या ऑक्टोबरच्या २ तारखेस पक्षाघात होऊन डावी बाजू गेली. दोन आठवडे होतात न होतात तोंच त्यांना मूत्रावरोध झाला. डॉक्टरांत शस्त्रक्रियेचा खल झाला, पण अशा शरीरास ती झेपेल काय, ही भीति होती. शेवटीं निर्णय पत्नीवर आला आणि तिनें नकार दिला. अडथळा सुदैवानें आपोआप दूर झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाचें भवितव्य अमेरिकेंत ज्या आठवड्यांत ठरत होतें, त्याच आठवड्यांत त्या तहाचा कर्ता मेंदूच्या आघातांतून वांचून मूत्राशयाच्या दुखण्यानें अडला होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. त्याच काळचे नामांकित वैद्य सर विल्यम ऑस्लर यांनीं न्यूमोनियास म्हाताऱ्यांचा मित्र म्हटलें होतें, कारण तो थोड्या दिवसांत व फारसा त्रास न देतां सोडवतो. ऑस्लर स्वतः १९१९ च्या डिसेंबरांत फुप्फुसाच्याच विकारानें गेले. असें ममत्वाचें नांव एखाद्या रोगास मिळालें म्हणजे त्याच्याशीं झगडण्याची उमेद ओसरते, हें मात्र खरें.

दुसरें उत्तर प्रसूतिगृहांतून आलें. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनीं १९४६ सालीं ४४,०१६ गर्भवतींची नोंद तपासून दाखविलें कीं, भूल दिली असतां ६६ स्त्रियांच्या पोटांतील अन्न वा आम्ल उलटून श्वासनलिकेंत शिरलें होतें. घशाची राखण सुटली कीं जें पोटांत जावयाचें तें फुप्फुसांत जातें, ही गोष्ट यानंतर डॉक्टरांच्या मनांत ठसली. पक्षाघातांत तर घशाची राखण हटकून सुटते. झटका आलेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांना पहिल्या दिवसांत धड गिळतां येत नाहीं, आणि त्यांतील कित्येकांना घोट चुकीच्या वाटेनें गेला तरी ठसकाहि लागत नाहीं. घरांत माणूस कोसळला म्हणजे त्याला प्रथम उठवून बसवावयाचें आणि तोंडांत पाण्याचा किंवा चहाचा घोट घालावयाचा, ही आपल्याकडील मायेची रीत. तिच्यांतील माया खरी, पण त्या क्षणीं तो घोट घातक ठरूं शकतो. गिळण्याची परीक्षा झाल्याखेरीज कांहींहि तोंडावाटे देऊं नये, असा नियम रुग्णालयांतून पडला तो याच कारणानें.

हें उत्तर पहिल्यापेक्षां पुष्कळच चांगलें होतें, आणि बहुतेकांचें त्यानें समाधान झालें. पेनिसिलीन हाताशीं आल्यावर तर आणखी खोल जाण्याची निकड कोणास वाटेनाशी झाली. तरी त्यांत एक उणीव होती. निरोगी माणसांच्या फुप्फुसांतहि गाढ झोंपेंत लाळेचे थेंब उतरत असतात. प्रयोगांत पाहिलेल्या माणसांपैकीं सुमारें निम्म्यांच्या बाबतींत तसें आढळलें. सकाळीं तीं माणसें उठतात, खाकरतात आणि कामाला लागतात. जंतु तोच, वाट तीच, आणि परिणाम इतका भिन्न!

धागा होता, पण तो निराळ्याच ठिकाणीं पडलेला होता. हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ मध्यें ग्रंथ लिहून दाखविलें होतें कीं, भय आणि क्रोध यांच्या प्रसंगीं अनुकंपी मज्जातंतू व मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथि मिळून सर्व शरीराला एकदम तयार करतात: हृदय धडधडतें, साखर रक्तांत उतरते, पचन थांबतें. मॉन्ट्रियल येथें हान्स सेल्ये या तरुणानें १९३६ सालीं एक छोटेंसें पत्र प्रसिद्ध केलें. थंडी, जखम, विष, अतिश्रम, कांहींहि दिलें तरी उंदरांच्या शरीरांत तेंच घडतें. अधिवृक्क ग्रंथि फुगतात, आणि छातींतील थायमस ग्रंथि व लसीकाग्रंथि आकसून जातात. थायमस हें श्वेतपेशींच्या सैन्याचें शिक्षणालय आहे, हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. तें कळावयास १९६० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. त्यामुळें सेल्ये यांनीं पाहिलें खरें, पण काय पाहिलें त्याचा उलगडा फार मागाहून झाला. १९७५ सालीं रॉचेस्टर येथें एडर आणि कोहेन यांनीं उंदरांना गोड पाण्याबरोबर प्रतिकारशक्ति दाबणारें औषध दिलें. नंतर नुसतें गोड पाणी पाजलें तरी प्रतिकार मंदावे. जिभेची आठवण रक्तापर्यंत पोंचत होती. पुढील दशकांत प्लीहेंत आणि लसीकाग्रंथींत जाऊन थेट श्वेतपेशींना भिडणारे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखालीं दिसूं लागले. ब्राऊन-सेकारच्या निरोपाची वाट सांपडली ती अशी.

या सर्व धाग्यांची गांठ बर्लिनमध्यें पडली. तेथील शारिते या जुन्या रुग्णालयांत (फिर्शोनें आपलें बहुतेक काम केलें तें हेंच) उल्रिख डिर्नागल, आंद्रेआस माइझेल, कॉन्स्टान्टिन प्रास आणि त्यांचे सहकारी लहान उंदरांमध्यें मेंदूची एक रक्तवाहिनी बंद करून पक्षाघात घडवीत असत. उद्देश मेंदू वांचविण्याचा. पण उंदीर तिसऱ्या दिवसाच्या आंत जंतुसंसर्गानेंच मरूं लागत. अशा वेळीं प्रयोगशाळेंतील अस्वच्छतेकडे बोट दाखवून मोकळें होणें सोपें असतें. या मंडळींनीं तसें न करतां उंदरांचें रक्त पाहिलें. झटक्यानंतर कांहीं तासांतच लसीकापेशी झपाट्यानें घटलेल्या होत्या. प्लीहा आणि थायमस आकसले होते. ज्या उरल्या त्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा नांवाचें आपलें मुख्य अस्त्र पुरेसें तयार करीत नव्हत्या. रक्तांत आणि फुप्फुसांत, कोणीहि न टोंचलेले जंतु वाढत होते. ज्या उंदरांवर तशीच शस्त्रक्रिया केली पण रक्तवाहिनी बंद केली नाहीं, त्यांना यांतलें कांहींच झालें नाहीं.

मग कारणाचा शोध. सेल्येच्या परंपरेप्रमाणें संशय प्रथम अधिवृक्क ग्रंथींतून निघणाऱ्या स्टेरॉइड रसांवर जावयाचा. ते अडविणारें औषध दिलें तेव्हां लसीकापेशींचा नाश थांबला, पण संसर्ग थांबला नाहीं. अनुकंपी मज्जासंस्थेचा निरोप अडविणारें प्रोप्रॅनोलॉल दिलें, हृदयविकारांत व रक्तदाबांत १९६० नंतर रूढ झालेलें तें साधें औषध, आणि जंतूंची वाढ खुंटली, मरणारे उंदीर वांचले. निरोगी उंदरांच्या लसीकापेशी टोंचल्या तरी संसर्ग कमी होई. मात्र ज्या उंदरांना इंटरफेरॉन-गॅमा बनवितांच येत नाहीं, त्यांच्या पेशींचा उपयोग होत नसे. २००३ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा कीं, जखमी मेंदूच मज्जातंतूंच्या द्वारें आपल्या शरीराच्या सैन्याला शस्त्रें खालीं ठेवावयास सांगतो.

तीन वर्षांनीं त्याच मंडळींनीं जुन्या उत्तराचा आणि नव्या उत्तराचा मेळ घातला, आणि या सबंध इतिहासांत इतका नेमका प्रयोग दुसरा नाहीं. त्यांनीं उंदरांच्या नाकांत न्यूमोनियाचे जंतु सोडले. पाश्चर यांना मुलाच्या लाळेंत सांपडले तेच. धडधाकट उंदरांत रोग उत्पन्न करण्यास दोन लक्ष जंतु लागत. पक्षाघात झालेल्या उंदरांना अवघे दोनशें पुरे होत. घशांतून उतरणारा थेंब निरोगी माणसाला बाधत नाहीं आणि रोग्याला मारतो, याचें मर्म या दोन आंकड्यांत आहे. उताणें पडणें खरें, घोट चुकणें खरें. पण दाराशीं पहारेकरीच नसल्यामुळें जो चोर एरवीं उंबऱ्यावरच पकडला जावयाचा तो घर लुटून जातो.

माणसाच्या रक्तांतहि हीच खूण आढळते. मोठा पक्षाघात झालेल्या रोग्याच्या लसीकापेशी पहिल्याच दिवशीं घटतात, आणि श्वेतपेशींवरील कांहीं चिन्हें मंद पडतात. इजा जितकी मोठी तितकी ही घट अधिक. कॅनडांत कॅल्गरी येथील संशोधकांनीं २०११ मध्यें जिवंत उंदराच्या यकृतांत सूक्ष्मदर्शक रोखून पाहिलें, तेव्हां तेथील गस्त घालणाऱ्या एका जातीच्या पेशी मज्जातंतूंतून आलेल्या नॉरअँड्रीनॅलिनमुळें एकाएकीं थिजल्यासारख्या दिसल्या. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथून २०१६ सालीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढें आली. फुप्फुसांत शिरणारे जंतु सर्वच घशांतून येत नाहींत; झटक्यानंतर आंतड्याची भिंत सैल पडते आणि तेथले कांहीं जंतु रक्तावाटे वर चढतात.

मेंदूनें असें कां करावें? यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नाहीं. एक तर्क असा: मेंदू एरवीं रक्तापासून पडद्याआड असतो, त्यामुळें त्याच्या द्रव्यांची शरीराच्या सैन्याला ओळख नसते. झटक्यांत तो पडदा फाटतो आणि अनोळखी द्रव्यें बाहेर सांडतात. सैन्य जागें असेल तर तें त्यांना शत्रु समजून मेंदूवरच तुटून पडावयाचें. तेव्हां सैन्यालाच कांहीं दिवस झोंपविणें हा आपला जीव वांचविण्याचा मेंदूचा उपाय असावा, आणि फुप्फुस हें त्या सौद्यांतलें ओलीस. सिअ‍ॅटल येथील डॉक्टर कायरा बेकर यांनीं उंदरांत दाखविलें आहे कीं, झटक्याच्या वेळीं सैन्याला मुद्दाम चेतविलें तर मेंदूविरुद्धचा प्रतिकार खरोखरच जागा होतो आणि जनावराची स्थिति बिघडते. दुसरा तर्क अधिक रुक्ष आहे: यांत हेतु वगैरे कांहीं नाहीं, जखमी मेंदूच्या घंटा वेड्यावांकड्या वाजूं लागतात इतकेंच. पहिला तर्क मनाला ओढून घेतो खरा. पण निसर्गाच्या प्रत्येक अपघातामागें शहाणपण पाहण्याची खोड जुनी आहे, आणि तेवढ्यासाठीं त्याला थोडें संशयानेंच पाहिलेलें बरें.

कारण सांपडलें कीं उपाय सांपडतो, हा समज येथें खोटा पडला. सैन्य झोंपलें आहे, तर ज्वर येण्यापूर्वींच सर्वांना जंतुनाशक औषध द्यावें, असें सहज वाटतें. हॉलंडमध्यें २,५५० रोग्यांवर ही गोष्ट पाहण्यांत आली, आणि तिचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. मूत्रमार्गाचे संसर्ग कमी झाले. न्यूमोनिया फारसा हटला नाहीं, आणि तीन महिन्यांनंतर रोगी आपल्या पायावर उभा राहण्याच्या बाबतींत कांहींच फरक पडला नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडमधून, गिळतां न येणाऱ्या १,२२४ रोग्यांसंबंधीं, तोच निकाल आला. प्रोप्रॅनोलॉलच्या जातीचीं औषधें आधींपासून घेणाऱ्या रोग्यांची पाहणीहि झाली. उंदरांत जें स्वच्छ दिसलें तें माणसांत स्वच्छ दिसलें नाहीं.

याउलट, ज्यांत नवें औषध एकहि नव्हतें अशा एका प्रयोगास यश आलें. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतांतील १९ पक्षाघात-विभागांत परिचारिकांच्या हातीं तीन गोष्टी सोंपविण्यांत आल्या: ताप दिसतांच तो उतरविणें, रक्तांतील साखर मोजून आवरणें, आणि गिळण्याची परीक्षा केल्याशिवाय तोंडांत कांहींहि न घालणें. २०११ सालीं फळ जाहीर झालें. जेथें ही शिस्त लावली तेथें तीन महिन्यांनीं मृत किंवा परावलंबी झालेले रोगी शेंकडा ४२, जेथें नव्हती तेथें शेंकडा ५८. या कामाच्या प्रमुख सँडी मिडलटन या स्वतः परिचारिकाच. प्रयोगशाळांच्या मोठ्या शोधांच्या रांगेंत या गोष्टीला मिळावयास हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाहीं.

पाश्चर यांच्या घरीं १८६८ मध्यें ही शिस्त कोणीं लावली असेल? पत्नी मारी रात्रंदिवस उशाशीं होती, शिष्य आळीपाळीनें जागत होते. त्यांच्या सेवेंत शास्त्र किती आणि दैव किती, हें सांगावयास आज साधन नाहीं. १८८७ मध्यें त्यांना पुन्हां झटके आले आणि वाणी अडखळूं लागली. १८९५ च्या सप्टेंबरांत पॅरिसनजीक व्हिलनव्ह-लेतां येथें ते जवळजवळ पूर्ण लुळे होऊन पडले होते. २७ तारखेस कोणीतरी दुधाचा पेला त्यांच्या ओठांशीं नेला. आपल्याच्यानें घेववत नाहीं, असें ते हलक्या आवाजांत म्हणाले, असें त्यांच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. पेला तसाच मागें नेण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, चार वाजून चाळीस मिनिटांनीं, एक हात पत्नीच्या हातांत असतां, त्यांचा श्वास थांबला.